न दिसणाऱ्या पडद्याची जाडी : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालातील बहुतेक पत्रे मागील अंकातील पेशीपटलावरील लेखासंबंधी आहेत. पेशीपटलाचा पाया असलेला लिपिडांचा, म्हणजे स्निग्ध रेणूंचा, दुहेरी थर चार ते पाच नॅनोमीटर जाडीचा असतो आणि ही जाडी क्ष-किरण व न्यूट्रॉन यांच्या प्रकीर्णनातून कळते, असे एक वाक्य त्या लेखात आम्ही सहज लिहून गेलो होतो. वाचकांनी नेमके तेच वाक्य पकडले, आणि ते योग्यच झाले. किरण एखाद्या वस्तूवरून निरनिराळ्या दिशांना विखुरणे, शालेय पुस्तकांत ज्याला ‘विकिरण’ म्हणतात, त्यालाच येथे ‘प्रकीर्णन’ म्हटले आहे, कारण विकिरण या शब्दाने पुष्कळांच्या मनात किरणोत्साराची भीती जागी होते आणि प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : माझ्याकडील एका पुस्तकात पेशीपटलाची जाडी ७.५ नॅनोमीटर दिली आहे आणि आपल्या लेखात चार ते पाच. यांतील खरी कोणती? आणि इतकी बारीक गोष्ट मुळात मोजतात कशी? (बारावीची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या वस्तूंचे आहेत. ७.५ नॅनोमीटर हा आकडा १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्टसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पटलांवरून रूढ झाला. त्या चित्रांत दोन काळ्या रेघा आणि मध्ये एक फिकट पट्टी दिसते. परंतु त्या चित्रासाठी पेशी जड धातूंच्या संयुगांनी रंगवलेली, पाणी काढून टाकलेली, राळेत बसवून कापलेली असते आणि तिच्या पटलात प्रथिनेही असतात. आम्ही दिलेला आकडा केवळ लिपिडांचा, पाण्यात भिजलेल्या आणि न रंगवलेल्या थराचा आहे.

त्यातही ‘जाडी’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. लिपिडाच्या रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. दुहेरी थरात शेपट्या आत, समोरासमोर असतात, तर डोकी बाहेर, पाण्याकडे असतात. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या लिपिडांपैकी एक म्हणजे डायओलिऑइल फॉस्फॅटिडिलकोलीन, ज्याला संशोधक थोडक्यात डीओपीसी म्हणतात. ३० अंश सेल्सियसला त्याच्या केवळ शेपट्यांच्या भागाची जाडी सुमारे २९ अँगस्ट्रॉम, म्हणजे २.९ नॅनोमीटर असते. एका बाजूच्या डोक्यांच्या सर्वांत दाट भागापासून दुसऱ्या बाजूच्या तशाच भागापर्यंत मोजले तर सुमारे ३७ अँगस्ट्रॉम भरतात. डोक्यांमध्ये शिरलेले पाणी हिशेबातून वजा करून सगळे लिपिड एका सपाट लादीत ठासून भरले आहे असे मानले, तर त्या लादीची जाडी सुमारे ३९ अँगस्ट्रॉम येते. डोक्यांची बाहेरची, पाण्यात मिसळलेली टोकेही धरली की आपण साडेचार-पाच नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो.

आता हे मोजतात कसे, ते पाहू. रात्री दूरवरच्या रस्त्यावरील दिव्याकडे उघडलेल्या छत्रीच्या कापडातून किंवा बारीक मलमलीतून पाहावे. दिव्याच्या चारही बाजूंना प्रकाशाच्या ठिपक्यांची फुली दिसते. कापड जितके तलम, तितके ठिपके एकमेकांपासून दूर असतात. कापडाचे धागे डोळ्यांना दिसत नसले तरी ठिपक्यांमधील अंतरावरून धाग्यांमधील अंतर काढता येते, आणि प्रकीर्णनाची सारी युक्ती एवढ्यात आली. लिपिडांच्या थरांसाठी दिव्याच्या जागी सुमारे एक अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे क्ष-किरण किंवा काही अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे न्यूट्रॉन घेतात आणि नमुन्यातून आरपार जाताना ते कोणत्या कोनात किती विखुरले, याचा आलेख काढतात. एकावर एक रचलेल्या डीओपीसीच्या थरांमधील अंतर, मधल्या पाण्यासह, सुमारे ६३ अँगस्ट्रॉम असते. प्रयोगशाळेतील, तांब्याचे लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीतून येणाऱ्या १.५४ अँगस्ट्रॉमच्या क्ष-किरणांसाठी त्याचे पहिले शिखर मूळ किरणापासून अवघ्या १.४ अंशांवर येते. म्हणूनच या पद्धतीला लघुकोन प्रकीर्णन म्हणतात, आणि म्हणूनच सरळ येणारा प्रखर किरण अडवून त्याच्या अगदी लगतचा मंद प्रकाश टिपणे हे यातील खरे कसब आहे.

दुहेरी थराची कल्पना मात्र या उपकरणांहून जुनी आहे. १९२५ मध्ये नेदरलँड्समध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधून काढलेले लिपिड पाण्यावर पसरून त्याचे क्षेत्रफळ मोजले आणि ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे सांगितले. त्यांनी सगळे लिपिड काढले नव्हते आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले होते. या दोन चुकांनी एकमेकींची भरपाई केली. उत्तर बरोबर निघाले. विज्ञानात इतके नशीब फार थोड्यांच्या वाट्याला येते.

प्रश्न : मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. ब्रॅग यांचा नियम स्फटिकांसाठी आहे. लिपिडांचा थर तर द्रवासारखा हलता असतो. मग त्यात विवर्तनाची शिखरे येतात कशी, आणि येत असतील तर दोन-तीनच का येतात? (निवृत्त प्राध्यापक, जळगाव)

उत्तर : प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. लिपिडाची कोरडी पापडी भरपूर पाण्यात भिजवली की थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बसतात. पापुद्र्याच्या आडव्या दिशेत रेणू द्रवासारखे इकडे-तिकडे सरकत असतात, परंतु उभ्या दिशेत एकामागून एक पापुद्रे ठरावीक अंतराने येतात. ठरावीक अंतराने रचलेल्या थरांवरून विखुरलेले तरंग ठरावीक कोनांतच एकमेकांना बळ देतात, हा ब्रॅग यांचा नियम; त्याला ही क्रमवारी पुरते. शेपट्यांची अवस्था ओळखण्यासाठी मोठ्या कोनांकडे पाहावे लागते. थंड, गोठलेल्या अवस्थेत शेपट्या ताठ आणि शेजारी-शेजारी रचलेल्या असल्यामुळे सुमारे ४.२ अँगस्ट्रॉमचे टोकदार शिखर मिळते, तर द्रव अवस्थेत त्याच्या जागी साधारण ४.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास पसरट उंचवटा तेवढा उरतो. थंडीत थिजलेले साजूक तूप आणि फोडणीतले पातळ तूप यांमध्ये जो फरक आपण डोळ्यांनी पाहतो, त्याचेच हे रेणूंच्या पातळीवरील जवळचे नाते आहे. डीपीपीसी या लिपिडात हा बदल ४१ अंश सेल्सियसला होतो. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये व्हित्तोरिओ लुत्साती यांनी लिपिड व पाणी यांच्या अशा अनेक अवस्था क्ष-किरणांनी उलगडून दाखवल्या. १९७१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लेव्हिन आणि विल्किन्स यांनी सपाट, एका दिशेत रचलेल्या थरांवर असेच काम केले. हे विल्किन्स म्हणजे डीएनएच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले विल्किन्सच होत.

शिखरे थोडी का असतात, याचे उत्तर उष्णतेत आहे. साध्या स्फटिकात अणू आपापल्या जागेभोवती थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. येथे थर लवचीक असल्यामुळे वाऱ्यावरील पडद्यासारखे लहरत राहतात, आणि एका थराची चूक पुढच्या थरात मिसळत जाऊन दूरच्या दोन थरांमधील अंतराची अनिश्चितता वाढत जाते. काये यांनी १९७२ मध्ये या प्रकारच्या रचनांसाठी जे गणित मांडले, त्यानुसार शिखरांना लांब शेपट्या फुटतात आणि उच्च क्रमांकाची शिखरे आजूबाजूच्या विखुरलेल्या प्रकाशात विरघळून जातात. पूर्वीचे पुष्कळ संशोधक हा विखुरलेला भाग पार्श्वभूमी समजून टाकून देत. प्रत्यक्षात थर किती वाकू शकतो याची माहिती त्याच भागात दडलेली असते.

आपण पत्राच्या शेवटी कलेचा, म्हणजे तरंगाच्या टप्प्याचा प्रश्नही विचारला आहे. शिखराची तीव्रता मोजता येते, पण तरंग कोणत्या टप्प्यावर होता ते हरवते. येथे निसर्गाने थोडी मदत केली आहे. दुहेरी थराचे दोन अर्ध एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असल्यामुळे टप्पा अधिक किंवा उणे या दोनच पर्यायांपैकी एक असतो. चार शिखरे असतील तर सोळा शक्यता उरतात. मग थरांमधील पाणी कमी-जास्त करून शिखरे थोडी-थोडी सरकवतात. त्यामुळे प्रत्येक वेळी त्याच एका सलग वक्राचे निराळे बिंदू मिळतात, आणि वक्र शून्यावरून कुठे गेला हे पाहून चिन्हे ठरवता येतात.

पाणी कमी-जास्त करण्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिपिडांचे थर पाण्यात बुडवले काय किंवा शंभर टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवले काय, उष्मागतिकीनुसार ते सारखेच फुगले पाहिजेत. परंतु अनेक वर्षे प्रत्येक प्रयोगशाळेत हवेत ठेवलेले थर कमी फुगत होते. या कोड्याला बाष्पदाबाचा विरोधाभास असे नावही पडले होते, आणि ते सोडवण्यासाठी १९९७ मध्ये एक देखणा सिद्धान्तही आला. त्यानंतर वर्षभरात कॅनडात कॅटसारस यांनी आर्द्रतेची पेटी अधिक काळजीपूर्वक बांधली आणि हवेतले थर पाण्यातल्या इतकेच फुगले. आधीच्या पेट्यांमध्ये आर्द्रता खरोखर शंभर टक्क्यांना पोहोचतच नव्हती. नमुना आणि पाणी यांच्या तापमानात अंशाच्या लहानशा भागाचा फरक असला, तरी पातेल्याच्या झाकणाला घाम फुटावा तशी वाफ भलतीकडेच थंडावते. विरोधाभास निसर्गात नव्हता, पेटीत होता.

प्रश्न : क्ष-किरणांची यंत्रे सहज मिळतात. मग अणुभट्टीपर्यंत जाऊन न्यूट्रॉन वापरण्याचा खटाटोप कशासाठी? (वाचक, ठाणे)

उत्तर : कारण हायड्रोजन. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, म्हणून पंधरा इलेक्ट्रॉनांचा फॉस्फरस असलेली लिपिडाची डोकी त्यांना ठळक दिसतात आणि एका इलेक्ट्रॉनचा हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. शिवाय पाण्याची इलेक्ट्रॉन घनता प्रत्येक घन अँगस्ट्रॉममागे ०.३३ आणि शेपट्यांच्या भागाची ०.२९ च्या आसपास असल्याने त्या दोहोंमधील सीमारेषा त्यांना पुसट दिसते.

न्यूट्रॉन अणुकेंद्रकावरून विखुरतात, आणि अणुक्रमांकाशी त्यांना फारसे देणे-घेणे नसते. केंद्रक न्यूट्रॉनला किती जोराने विखुरते याचे माप म्हणजे प्रकीर्णन लांबी. कार्बनची ती ६.६५ फेम्टोमीटर आहे आणि ऑक्सिजनची ५.८०. हायड्रोजनची मात्र उणे ३.७४ आहे, तर त्याच्याच जड समस्थानिकाची, ड्युटेरियमची, अधिक ६.६७ आहे. रसायन तेच, आकार तोच, पण न्यूट्रॉनच्या नजरेत दोघे दिवस आणि रात्रीइतके वेगळे. शेपटीतील एका कार्बनवर दोन हायड्रोजन असतील तर त्या गटाची बेरीज उणे ०.८३ येते, आणि त्याच जागी दोन ड्युटेरियम बसवले की ती सुमारे २० होते. म्हणजे रेणूतील हव्या त्या जागी कंदील लावण्याची सोय झाली. पाण्याचेही तसेच आहे. ग्लिसरीनमध्ये बुडवलेली काचेची कांडी दिसेनाशी होते, हा प्रयोग पुष्कळांनी शाळेत पाहिला असेल. साधे पाणी आणि जड, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेले, पाणी योग्य प्रमाणात मिसळून लिपिडाचा नको असलेला भाग याच रीतीने दिसेनासा करता येतो आणि हवा तोच भाग उजळवता येतो.

या युक्तीने काय साधले, याची दोन जुनी उदाहरणे देतो. १९७५ मध्ये झकाई, ब्लेझी आणि शोनबॉर्न यांनी साध्या आणि जड पाण्यातील मापनांची वजाबाकी करून थरांमधील पाणी नेमके कुठवर शिरते ते दाखवले. पाणी डोक्यांपाशी थबकते आणि शेपट्यांच्या भागात जात नाही. १९७८ मध्ये ब्युल्ट व सहकाऱ्यांनी डीपीपीसीच्या रेणूत निवडक जागी ड्युटेरियम बसवून प्रत्येक जागा मध्यापासून किती अंतरावर आहे ते मोजले, तेव्हा लिपिडाचे डोके ताठ उभे नसून पटलाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर झुकलेले असते, असे आढळले. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत ते आजही टाचणीच्या डोक्यासारखे गोल काढतात. त्याला आमचा इलाज नाही.

आपण ठाण्याचे असल्यामुळे हेही नोंदवावेसे वाटते की, या कामाची एक मोठी सोय आपल्यापासून फार दूर नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील १०० मेगावॅटची ध्रुव अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली, आणि तिच्यावर न्यूट्रॉनांच्या लघुकोन प्रकीर्णनाचे उपकरण आहे. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांतील संशोधकांनाही ध्रुववरील उपकरणे वापरता येतात. जड पाण्याचा एक कारखाना रायगड जिल्ह्यात थळ येथे आहे. क्ष-किरणांसाठी इंदूर येथील इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे क्ष-किरणांचा अतिशय प्रखर झोत देणारे यंत्र, आहे. दोहोंतील व्यावहारिक फरक असा की, सिंक्रोट्रॉनवर काही सेकंदांत जे मापन होते त्याला न्यूट्रॉनांनी कित्येक मिनिटे किंवा तासही लागतात, कारण न्यूट्रॉनांचा झोत क्ष-किरणांच्या तुलनेत फारच क्षीण असतो.

प्रश्न : मी संगणकावर लिपिडांच्या थरांची प्रतिरूपे चालवते. डीओपीसीच्या एका रेणूला थरात किती जागा लागते, यासाठी जुन्या निबंधांत ७२ चौरस अँगस्ट्रॉम आणि नंतरच्या निबंधांत ६७ असे आकडे आहेत. मोजमाप इतके अचूक म्हणता, मग हा फरक का? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : या अंकातील सगळ्या प्रश्नांत आम्हाला हा प्रश्न सर्वाधिक मोलाचा वाटला, कारण प्रकीर्णनातून रचना ‘दिसते’ हा आमच्या लेखाने पसरवलेला समज तो मोडून काढतो. प्रकीर्णनातून हाती येतो तो एक वक्र. त्या वक्राशी जुळणारी रचना आपण सुचवायची, तिच्यापासून वक्र काढायचा, तो मोजलेल्या वक्रावर बसतो का ते पाहायचे आणि न बसल्यास रचना बदलायची. ज्या बाबतीत वक्र बोलत नाही, त्या बाबतीत आपण गृहीत धरलेलेच उत्तर परत मिळते.

रेणूला लागणारी जागा थेट मोजता येत नाही. एका रेणूचे आकारमान मोजता येते, कारण त्यासाठी घनता पुरते. डीओपीसीसाठी ते ३० अंशांना सुमारे १३०३ घन अँगस्ट्रॉम आहे. दोन रेणूंचे आकारमान म्हणजे २६०६. त्याला लादीच्या जाडीने भागले की क्षेत्रफळ मिळते. जाडी ३६.१ धरली तर उत्तर ७२ येते आणि ३८.७ धरली तर ६७.४. अडीच अँगस्ट्रॉमचा, म्हणजे दोन कार्बनमधील बंधाच्या दुपटीहूनही कमी असलेला फरक क्षेत्रफळात पाच चौरस अँगस्ट्रॉम होऊन बसतो.

आता क्ष-किरणांना काय नीट दिसते ते आठवा. त्यांना डोक्यांमधील अंतर नीट दिसते. पण डोक्यापासून शेपट्यांची सीमा किती आत आहे, हे त्यांना स्वतःहून सांगता येत नाही. ती माहिती गोठलेल्या अवस्थेतील दुसऱ्या लिपिडावरून उसनी घ्यावी लागत असे. जड पाण्यातील न्यूट्रॉनांना याच्या उलट लादीची एकूण सीमा ठळक दिसते, पण आतील बारकावे दिसत नाहीत. २००८ मध्ये कुचेर्का, नेगल, कॅटसारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही वक्र एकाच रचनेवर एकाच वेळी बसवण्याची पद्धत मांडली. तीत रेणूचे लहान-लहान भाग पाडून प्रत्येक भाग सरासरीने कुठे असतो याची शक्यता मांडली जाते आणि सर्व भागांची बेरीज प्रत्येक खोलीवर जागा पूर्ण भरते, अशी अट घातली जाते. तेव्हा डीओपीसीसाठी ६७.४ आणि डीपीपीसीसाठी ५० अंशांना ६३ चौरस अँगस्ट्रॉम हे आकडे आले. त्याआधीची स्थिती किती विस्कळीत होती ते पाहा : एकट्या डीपीपीसीसाठी छापून आलेले आकडे ५६ पासून ७२ पर्यंत पसरलेले होते. थरांमध्ये भरलेले पाणी वजन करून मोजायचे आणि ते सगळे थरांमध्येच आहे असे मानायचे, ही जुनी पद्धत त्या पसाऱ्याला मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती, कारण बरेच पाणी थरांच्या कांद्यांसारख्या गोळ्यांमधल्या फटींत जाऊन बसते.

आपल्या कामापुरता आमचा सल्ला असा. प्रतिरूप पडताळताना क्षेत्रफळाच्या एका आकड्याशी तुलना करून थांबू नये. प्रतिरूपातील अणूंच्या जागांवरून क्ष-किरणांचा आणि न्यूट्रॉनांचा वक्र काढावा आणि तो मोजलेल्या वक्राशेजारी ठेवावा. क्षेत्रफळाचा आकडा दुसऱ्या कोणाच्या गृहीतकांतून गाळून आलेला असतो. वक्र तसा नसतो.

प्रश्न : कोलेस्टेरॉलमुळे पेशीपटल कडक होते असे वाचले. प्रकीर्णनाने हे सिद्ध झाले आहे का? (वाचक, सातारा)

उत्तर : प्रथम एक खुलासा. रक्तवाहिन्या कठीण होण्याचा आजार आणि पेशीपटलाचा ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचे उत्तर दुसरीपुरते आहे.

कोलेस्टेरॉल शेजारच्या शेपट्यांना सरळ करते, थर जाड करते आणि एका रेणूला लागणारी जागा घटवते, याबद्दल दुमत नाही. पण थर वाकवायला किती जोर लागतो, यावर मात्र जोरदार वाद झाला. नेगल यांच्या गटाने २००८–०९ च्या सुमारास विखुरलेल्या क्ष-किरणांवरून सांगितले की, डीओपीसीच्या थरात पुष्कळ कोलेस्टेरॉल घातले तरी तो वाकण्यास अधिक कठीण होत नाही. ताठ शेपट्यांच्या लिपिडांत मात्र होतो. २०२० मध्ये न्यूट्रॉन स्पिन-एको या पद्धतीने दुसऱ्या गटाने त्याच डीओपीसीत निम्मे कोलेस्टेरॉल असताना ताठपणा सुमारे तिप्पट झाल्याचे छापले, आणि त्यावर लगेच आक्षेप व प्रत्युत्तरे आली. स्पिन-एको नॅनोसेकंदांतील, काही दहा नॅनोमीटर लांबीच्या हालचाली पाहते. इतक्या थोड्या वेळात वाकण्याबरोबर थराच्या आतील घर्षण आणि जाडीतील चढउतारही मिसळतात, म्हणून मोजलेला आकडा कशाचा, हाच वादाचा मुद्दा आहे. आमचे मत विचाराल तर सावकाश वाकण्याच्या बाबतीत क्ष-किरणांचे उत्तर अधिक विश्वासार्ह वाटते, कारण सूक्ष्म नळीने लिपिडांचे फुगे ओढून केलेली मापनेही त्याच बाजूची आहेत.

कोलेस्टेरॉल नेहमी उभेच असते, असेही नाही. एरवी त्याचे पाणी-स्नेही टोक डोक्यांजवळ असते. २००६ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथे हॅरून, कॅटसारस आणि वासल यांनी अनेक दुहेरी बंध असलेल्या शेपट्यांच्या लिपिडात ड्युटेरियम लावलेले कोलेस्टेरॉल शोधले, तेव्हा ते थराच्या ऐन मध्यभागी सापडले. इतक्या वळवळत्या शेपट्यांशेजारी उभे राहणे त्याला मानवत नसावे.

प्रश्न : २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत आम्ही लिपोसोमल अँफोटेरिसिनसाठी धावाधाव करणारे नातेवाईक रोज पाहत होतो. त्या औषधातील लिपोसोम म्हणजे हाच दुहेरी थर का? त्याची तपासणी याच पद्धतीने होते का? (औषधविक्रेता, नागपूर)

उत्तर : होय. त्या कुपीतील कण म्हणजे शंभर नॅनोमीटरहून लहान, लिपिडाच्या एका दुहेरी थराचे पोकळ गोळे असतात आणि औषध त्या थरातच बसवलेले असते. थर कोलेस्टेरॉलने घट्ट केल्यामुळे औषध मूत्रपिंडाला कमी त्रास देते. अशा कणांवर क्ष-किरणांचे लघुकोन प्रकीर्णन केले की थराची जाडी, थर एक आहे की अनेक, आणि आतील व बाहेरील अर्ध सारखे आहेत का, हे कळते. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनच्या लिपोसोममध्ये औषध पोकळीत स्फटिकासारखे रचले जाते, तेही प्रकीर्णनाच्या वक्रात शिखर होऊन उमटते.

एमआरएनए लशींतील कण मात्र पोकळ नसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रॉन अभ्यासात, अशा कणांतील एक लिपिड मुख्यतः पृष्ठभागापाशी, तर आयनीभवन होणारे लिपिड, एमआरएनए आणि पाणी गाभ्यात असल्याचे, निरनिराळ्या घटकांना ड्युटेरियम लावून दाखवण्यात आले होते. त्या वेळी कोविडचे नावही कोणी ऐकले नव्हते.

प्रश्न : हे सगळे शुद्ध लिपिडांवर झाले. जिवंत पेशीत कोणी मोजले आहे का? (शिक्षिका, मडगाव)

उत्तर : मोजले आहे, आणि ते काम फार हुशारीचे आहे. अमेरिकेतील ओक रिज येथील संशोधकांनी २०१७ मध्ये बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू जड पाण्यात वाढवला, त्यामुळे पेशीतील प्रथिने व इतर सामान भोवतीच्या जड पाण्यासारखेच दिसू लागले, म्हणजे दिसेनासे झाले. मग जिवाणूची स्वतः मेदाम्ले, म्हणजे लिपिडांच्या शेपट्या ज्यांपासून बनतात ती द्रव्ये, बनवण्याची वाट औषधाने बंद करून त्याला बाहेरून ठरावीक मेदाम्ले खाऊ घातली. राहिले ते केवळ पटल. त्याच्या शेपट्यांच्या भागाची जाडी सुमारे २४ अँगस्ट्रॉम भरली. पुढे दोन मेदाम्लांतील ड्युटेरियमचे प्रमाण असे निवडले की ती पटलात एकसारखी मिसळलेली असतील तर त्यांच्यातून जादा संकेत येऊ नये. संकेत आला. म्हणजे लिपिडे पटलात चाळीस नॅनोमीटरहून लहान गटांत एकत्र येत होती. अशा गटांचे अस्तित्व अनेक वर्षे वादग्रस्त होते.

प्रश्न : पुढील सत्रात मला लिपिडांचे नमुने घेऊन सिंक्रोट्रॉनवर जायचे आहे. प्रथमच जात आहे. काय काळजी घ्यावी? (एम.एस्सी. विद्यार्थी, औरंगाबाद)

उत्तर : लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून ते उडवून टाकल्यानंतर नमुना निर्वातात पुरेसा वेळ, शक्य तर रात्रभर ठेवावा, नाहीतर उरलेला क्लोरोफॉर्म थरात बसून राहतो आणि संक्रमणाचे, म्हणजे गोठलेला थर द्रव होण्याचे, तापमान बदलतो. एकच थर असलेले गोळे हवे असल्यास नमुना ५० किंवा १०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून अनेक वेळा, आणि संक्रमणाच्या तापमानाहून वर ठेवूनच, दाबून काढावा. केवळ पाण्याचे मापन त्याच केशनळीत घ्यावे, दुसऱ्या नळीत नाही, कारण वजाबाकीतील बहुतेक घोटाळे काचेच्या जाडीतून होतात. दुहेरी बंध असलेली लिपिडे हवेने खराब होतात, म्हणून ती नायट्रोजनखाली ठेवावीत. सिंक्रोट्रॉनचा झोत स्वतःच लिपिड तोडतो, यासाठी एकाच जागी लांब मापन करण्याऐवजी थोडा-थोडा वेळ, जागा बदलत मापन करावे आणि पहिला व शेवटचा वक्र एकमेकांवर ठेवून पाहावा. परतल्यावर वापरलेला नमुना फेकू नये. त्याची पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करावी, आणि पट्टीवर एका शेपटीच्या, म्हणजे तुटलेल्या, लिपिडाचा ठिपका उमटला तर त्या नमुन्याची मापने बाजूला ठेवावीत.